मात्रांचा हिशेब

छंदःशास्त्राशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख होते ती शालेय व्याकरणाच्या शेवटच्या पानांवर, आणि ती तेथेच संपते. ‘यमाताराजभानसलगा’ हा मंत्र घोकावयाचा, कवितेच्या ओळीवर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढावयाच्या, गण पाडावयाचे, वृत्ताचे नाव लिहावयाचे आणि दोन-तीन गुण पदरात पाडून मोकळे व्हावयाचे. पुढे ज्यांना काव्याची गोडी लागते ते हा सांगाडा विसरण्यात धन्यता मानतात. ज्यांना गणिताची गोडी लागते त्यांना तर आपण कधी गण पाडले होते याचीही आठवण राहत नाही. आम्ही येथे जी कथा सांगणार आहो ती या दोहोंच्या मधल्या ओसाड जागेत घडलेली आहे. ती एका संख्यामालिकेची कथा आहे. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस अशी ती मालिका चालते. मागच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या मिळते. याहून अधिक गुपित तीत काही नाही. मागील ठरावीक संख्या घेऊन, त्यांची ठरलेल्या रीतीने बेरीज करून पुढची संख्या मिळविण्याच्या या प्रकाराला आजचे गणिती ‘रेषीय आवर्ती संबंध’ असे भारदस्त नाव देतात. नाव नवे आहे. व्यवहार फार जुना.

प्रारंभ पिंगलापासून करणे भाग आहे. ख्रिस्तपूर्व काळातील या सूत्रकाराने वैदिक व लौकिक छंदांची व्यवस्था लावता लावता ग्रंथाच्या अखेरीस एक निराळाच प्रश्न उपस्थित केला. अक्षर एक तर लघू असावयाचे किंवा गुरू. मग इतक्या अक्षरांच्या चरणाचे एकूण प्रकार किती? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. हे आठ म्हणजेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. प्रत्येक नव्या अक्षरागणिक संख्या दुप्पट होते. ही आवर्ती मालिकांतली सर्वांत साधी. पण पिंगल दुप्पट-दुप्पट करीत बसत नाही. आठ अक्षरांसाठी तो आठाचे अर्धे चार, चाराचे दोन, दोनाचा एक असा खाली उतरतो आणि परत चढताना दोन, दोनाचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा, सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न असा तीन उड्यांत वर येतो. मध्ये विषम संख्या आली तर एक वजा करावयाचा आणि चढताना तेथे दुप्पट करावयाची. आजची गणकयंत्रे मोठे घात काढताना हीच युक्ती वापरतात. पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणावरून समवृत्ते २५६, अर्धसमवृत्ते ६५,२८० आणि विषमवृत्ते ४,२९,४९,०१,७६० असा हिशेब मांडला. एवढी वृत्ते कोण लिहिणार, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र येथेच सांगून टाकतो. आपली मालिका पिंगलानेच शोधली असे अलीकडे फार ठिकाणी लिहिलेले आढळते. पिंगलाचा हा हिशेब अक्षरांचा आहे, मात्रांचा नव्हे. आणि आपली मालिका मात्रांच्या पोटी जन्माला आलेली आहे. त्याच्या थोर पदरात आणखी एक दागिना घालण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

अक्षरगणवृत्तात अक्षरे मोजावयाची. मात्रावृत्तात काळ मोजावयाचा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चरणात मात्रा ठरलेल्या. अक्षरे किती येतील ती येवोत. संस्कृतात आर्येसारखी मोजकी घराणी सोडली तर या पद्धतीचा विशेष मान नव्हता. तो वाढला प्राकृतात आणि अपभ्रंशात, म्हणजे लोकांच्या बोलीत, गाण्याच्या आणि नाचाच्या संगतीत. मराठी मात्राजाती या त्याच वंशातल्या. येथे मोजणीचा प्रश्न एकदम अवघड होऊन बसतो, कारण दुप्पट करण्याची युक्ती आता चालत नाही. चार मात्रांत किती आकार बसतील? मराठी शब्दच घेऊन पाहू. ‘राजा’ हा शब्द दोन गुरूंचा. ‘कविता’ दोन लघू आणि एक गुरू. ‘विचार’ लघू, गुरू, लघू. ‘गायन’ गुरू आणि दोन लघू. ‘अडगळ’ चार लघू. झाले, पाच आकार. सहावा शब्द शोधण्याचा प्रयत्न करणाऱ्याने वेळ काढून अवश्य करावा, पण तो यांपैकीच कोठल्यातरी साच्यात जाऊन बसेल. तीन मात्रांसाठी ‘नदी’, ‘फूल’ आणि ‘कमळ’ असे तीनच साचे. पाच मात्रांसाठी आठ.

हे असे का होते, हे समजण्यास गणिती असण्याची गरज नाही; कान असला म्हणजे पुरे. कोणतीही ओळ शेवटी कशावर टेकते ते पाहावे. ती लघूवर टेकत असेल तर तो लघू बाजूला ठेवा. मागे एक मात्रा कमी असलेली ओळ उरते. ती गुरूवर टेकत असेल तर तो काढून ठेवा. मागे दोन मात्रा कमी असलेली ओळ उरते. तिसरी शक्यताच नाही. म्हणून चार मात्रांचे प्रकार म्हणजे तीन मात्रांचे तीन आणि दोन मात्रांचे दोन, मिळून पाच. पाच मात्रांचे म्हणजे पाच आणि तीन, आठ. आठ मात्रांच्या ज्या आवर्तनाला माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, ‘छंदोरचने’त पद्म म्हटले, आणि ज्यावर मराठीतली कितीतरी गीते पाऊल टाकीत चालतात, त्याचे आकार चौतीस.

हा नियम स्पष्ट शब्दांत प्रथम भेटतो तो ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात. त्याचा कर्ता विरहांक. त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कोठेतरी धरला जातो. मात्रावृत्तांचा प्रस्तार, म्हणजे सर्व प्रकारांची क्रमवार मांडणी, कशी करावी हे सांगताना तो म्हणतो की आधीच्या दोन मात्रावृत्तांचे प्रकार एकत्र केले म्हणजे पुढच्याची संख्या होते. या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या गोपाळाने संख्या प्रत्यक्ष मांडून दाखविल्या. हस्तलिखिताच्या काळावरून गोपाळ ११३५ च्या पूर्वीचा ठरतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ११५० च्या सुमारास, गुजरातेत सिद्धराज आणि कुमारपाळ यांच्या राजसभांत मान पावलेल्या आचार्य हेमचंद्रांनी आपल्या ‘छंदोनुशासना’त तोच नियम आटोपशीरपणे दिला: शेवटची आणि तिच्या आधीची अशा दोन संख्यांची बेरीज ही पुढची संख्या.

यात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. यांतील कोणीही ‘आम्ही एक अद्भुत संख्यामालिका शोधिली’ असे म्हणत नाही. त्यांच्या दृष्टीने हा हिशेबनीसाचा ताळा आहे. प्रस्तार लिहीत गेलो आणि एखादा प्रकार राहिला किंवा दोनदा आला, तर ते कळावे कसे? एकूण किती यावयाचे हे आधी ठाऊक असले म्हणजे कळते. वही लिहिणारा वाणी रात्री रोकड मोजतो तोच हा स्वभाव. आर्येचाच हिशेब घ्या. मोरोपंतांमुळे आर्या मराठी माणसाच्या कानात बसलेली आहे. तिचा गण चार मात्रांचा, म्हणजे पाच आकारांचा. पण विषम स्थानी मधला गुरू असलेला गण, म्हणजे आपल्या ‘विचारा’चा आकार, चालत नाही. म्हणून तेथे चारच. पहिल्या अर्धातील सहाव्या स्थानी दोनच आकार चालतात, दुसऱ्या अर्धातील त्याच स्थानी नुसता एक लघू. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गण चार-चार प्रकारांचे, दुसरा व चौथा पाच-पाच प्रकारांचे. सगळ्यांचा गुणाकार केला की पहिल्या अर्धाचे १२,८०० आणि दुसऱ्याचे ६,४०० प्रकार येतात, आणि अखंड आर्येचे ८,१९,२०,०००. छंदःशास्त्रकारांनी हा आकडा शांतपणे लिहून ठेवला आहे. मोरोपंतांना आर्या कमी पडण्याची भीती नव्हती!

परंतु या शास्त्राचे खरे वैभव एकूण संख्येत नाही. ते ‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ या दोन क्रियांत आहे, असे आम्हांस वाटते. समजा, प्रस्तार लिहिलेला ताडपत्राचा तुकडा हरवला. त्यातला विसावा प्रकार कोणता होता, हे सगळा प्रस्तार पुन्हा न लिहिता सांगता येईल काय? हे नष्ट. उलट, एखादा आकार हाती आला तर तो कितवा, हे सांगता येईल काय? हे उद्दिष्ट. मात्रावृत्तांसाठी याची रीत मोठी सुंदर आहे. आठ मात्रांचा विसावा प्रकार पाहिजे असे धरू. आठ लघू ओळीने मांडावे आणि त्यांच्या डोक्यावर आपली मालिका लिहावी: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. एकूण प्रकार चौतीस. त्यांतून वीस वजा केले, राहिले चौदा. आता या चौदातून मालिकेतली मोठ्यात मोठी संख्या काढावी: तेरा. उरला एक, तोही मालिकेत आहे. ज्या ज्या लघूच्या डोक्यावर काढलेली संख्या आहे, तो त्याच्या पुढच्या लघूशी जोडून गुरू करावा. तेरा सहाव्या लघूवर आहे, म्हणून सहावा आणि सातवा मिळून एक गुरू. एक पहिल्यावर आहे, म्हणून पहिला आणि दुसरा मिळून एक गुरू. बाकीचे लघू तसेच. हाती येतो तो आकार असा: गुरू, तीन लघू, गुरू, लघू. ‘पावन पहाट’ म्हणून पाहा. बरोबर आठ मात्रा. आमच्या पाच शब्दांवरही ही रीत चालते. चार मात्रांसाठी एकूण पाच, पाचातून पहिला क्रमांक वजा केला की चार, म्हणजे तीन आणि एक, त्यावरून ‘राजा’. पाचव्या क्रमांकासाठी शेष शून्य. काहीच जोडावयाचे नाही, म्हणून ‘अडगळ’. वर ते शब्द आम्ही ज्या क्रमाने दिले तो क्रम प्रस्ताराचाच होता.

या रीतीच्या पोटात एक सिद्धांत दडलेला आहे. कोणतीही पूर्णसंख्या या मालिकेतल्या निरनिराळ्या संख्यांच्या बेरजेने, आणि त्यांत शेजारच्या दोन संख्या कधीही एकत्र न घेता, एकाच प्रकारे लिहिता येते. शेजारच्या दोन का नाहीत? कारण गुरू दोन लघूंची जागा खातो. एक लघू दोन गुरूंच्या वाट्याला जाऊ शकत नाही. एदुआर झेकेनडॉर्फ या बेल्जियमच्या सैन्यातील डॉक्टराने हा सिद्धांत १९७२ साली प्रसिद्ध केला आणि तो त्याच्या नावाने ओळखला जातो. आमच्या शास्त्रकारांनी त्याची सिद्धता लिहिली, असा दावा आम्ही करीत नाही. पण तो खोटा असता तर त्यांची नष्टक्रिया एका दिवसात कोलमडली असती, आणि ती तर शतकानुशतके चालू होती.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. पिसा या इटलीतील बंदराच्या व्यापाऱ्यांची एक पेढी उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बुजिया येथे होती. तेथील पिसाच्या व्यापाऱ्यांच्या कामकाजासाठी नेमलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलाला हिशेब शिकण्यासाठी तेथे बोलावून घेतले. त्या मुलाचे नाव लेओनार्दो. तेथे त्याला हिंदुस्थानातले नऊ आकडे आणि शून्य यांची ओळख झाली आणि तो त्यांच्या प्रेमातच पडला. पुढे इजिप्त, सिरिया, ग्रीस, सिसिली, प्रोव्हान्स असा प्रवास करून त्याने १२०२ मध्ये ‘लिबेर अबाची’ हा मोठा ग्रंथ लिहिला आणि १२२८ मध्ये तो सुधारून पुन्हा सादर केला. रोमन अक्षरांत गुणाकार करणाऱ्या युरोपला आपले आकडे शिकविणाऱ्यांत या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. त्यात सशांचे एक गणित आहे. कुंपणात सशांची एक जोडी ठेवली. प्रत्येक जोडी दरमहा एक नवी जोडी प्रसवते, आणि नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून प्रसवू लागते. तर वर्षाअखेर किती जोड्या? उत्तर ३७७. आणि उत्तराकडे जाताना वाटेत लागतात त्या संख्या २, ३, ५, ८, १३ याच. लेओनार्दो पुढच्या गणिताकडे वळतो. त्याच्या दृष्टीने ते शेकडो गणितांपैकी एक होते.

त्यानंतर युरोपात ही मालिका अधूनमधून डोके वर काढीत राहिली. केप्लरने १६११ मध्ये तिच्या लगतच्या संख्यांचे गुणोत्तर सुवर्णगुणोत्तराकडे झुकते हे नमूद केले. आल्बेर जिरारच्या १६३४ मध्ये छापल्या गेलेल्या लिखाणात तिचा नियम आला. द म्वाव्रने अठराव्या शतकात अशा सर्व मालिकांसाठी सर्वसामान्य रीत शोधून त्यांना ‘आवर्ती’ हे नाव दिले. लामेने १८४४ मध्ये युक्लिडच्या भागाकाराच्या पायऱ्या मोजण्यासाठी तिचा उपयोग केला. पण तिचे बारसे झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्याने १८७० नंतरच्या दशकात तिला लेओनार्दोचे, म्हणजे फिबोनाची हे, नाव दिले. आणि १, ३, ४, ७, ११, १८ अशी चालणारी तिची बहीण पुढे त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हा ल्युका मोठा विलक्षण माणूस. अशा आवर्ती मालिकांच्याच साहाय्याने त्याने १८७६ मध्ये एकोणचाळीस अंकी संख्या मूळसंख्या असल्याचे दाखविले. आणि १८९१ मध्ये एका मेजवानीत फुटलेल्या बशीचा तुकडा गालाला लागून, ती जखम चिघळून, पन्नाशीच्या आत वारला.

या विषयावर चार लोकांत बोलू लागले की हटकून एक गृहस्थ उठतात आणि म्हणतात, “मग हे आमचेच झाले की! त्या इटालियनाने चोरले.” आम्ही या गृहस्थांचा राग समजू शकतो. आपल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या नावाने बाजारात दिसली म्हणजे जीव तुटतोच. पण इतिहास हा रागावर चालत नाही. आकडे आपण हिंदुस्थानचे घेतले हे लेओनार्दो ग्रंथाच्या आरंभीच मोकळेपणाने सांगतो. अशा माणसाने सशांचे गणित चोरले म्हणावयाचे तर त्याला पुरावा पाहिजे, आणि छंदःशास्त्रातील एकही ओळ त्याच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा नाही. दोन माणसे दोन गावांत दोन निरनिराळ्या कामांसाठी निघाली आणि एकाच विहिरीवर पोचली, यात नवल ते काय? उलट, घाईने केलेला दावा आपलेच नुकसान करतो. तो आपणांस ‘कोण आधी’ या एका प्रश्नात कोंडून टाकतो, आणि मग आपल्या पूर्वजांनी पुढे काय केले हे पाहण्यास सवड उरत नाही. लेओनार्दो एक गणित सोडवून थांबला. विरहांकाचे वारस थांबले नाहीत.

त्यांतला एक तर आपल्याच देवगिरीचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादवराजा सिंघणाच्या राज्यात, शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या पदरी राहिले. स्वतः शार्ङ्गदेवाकडे श्रीकरणाचे, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या दप्तराचे, काम होते. ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा महाग्रंथ या जमाखर्चाच्या अधिकाऱ्याने लिहिला, आणि त्याच्या पाचव्या, तालाध्यायात, दप्तरातली शिस्त उतरलेली दिसते. (याच सिंघणाच्या दरबारी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने खानदेशात पाटण येथे मठ स्थापिला होता. गणिताला त्या राज्यात वाण नव्हती.)

कवीजवळ दोनच नाणी होती, लघू आणि गुरू. तालाच्या शास्त्रात चार होती: अर्ध्या मात्रेचा द्रुत, एका मात्रेचा लघू, दोन मात्रांचा गुरू आणि तीन मात्रांचा प्लुत. द्रुत हे मोजमाप धरले तर एक, दोन, चार आणि सहा. मग अमुक इतक्या द्रुतांच्या कालावधीत किती ताल बांधता येतील? शार्ङ्गदेवाचा नियम असा की शेवटची, दुसरी, चौथी आणि सहावी या मागच्या संख्यांची बेरीज करावी. कारण तेच: ताल शेवटी द्रुतावर टेकेल, लघूवर टेकेल, गुरूवर टेकेल किंवा प्लुतावर. यातून जी मालिका निघते ती १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० अशी चालते. आठवी संख्या ताडून पाहावयाची असेल तर ३३, १९, ६ आणि २ यांची बेरीज करावी. एवढ्यावर न थांबता त्याने नष्ट आणि उद्दिष्ट यांच्या रीती दिल्या. अमुक इतके द्रुत असलेले ताल किती, अमुक इतके गुरू असलेले किती, हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून द्रुतमेरू, लघुमेरू, गुरुमेरू आणि प्लुतमेरू अशी कोष्टके रचण्यास शिकविले. सशांच्या जोड्यांहून हे काम कितीतरी वरच्या पायरीचे आहे. दोन संख्यांच्या बेरजेपासून चार संख्यांच्या, आणि त्याही मध्ये जागा सोडून घेतलेल्या संख्यांच्या, बेरजेकडे जाणे म्हणजे नियम पाठ असणे नव्हे. नियमाचे कारण हाताला लागलेले असणे होय.

शंभर-सव्वाशे वर्षांनी नारायण पंडिताने या सगळ्यांतून छंद आणि ताल दोन्ही काढून टाकले आणि नुसते गणित ठेवले. १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त त्याने मागील दोन, तीन, चार, हव्या तितक्या संख्यांची बेरीज करीत जाणाऱ्या मालिकेला ‘सामासिकी पंक्ति’ असे नाव दिले. त्याच ग्रंथात एका गाईचे गणित आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते. कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी देऊ लागते. तर वीस वर्षांत किती? सशांपेक्षा गाय सावकाश वाढते, म्हणून येथे शेवटची आणि तिच्यामागची तिसरी अशा संख्यांची बेरीज घ्यावी लागते: २, ३, ४, ६, ९, १३, १९ असे मोजीत गेले की विसाव्या वर्षी मूळ गाईसह २,७४५ येतात. नारायण मात्र असे एकेक वर्ष चढत नाही. तो पिढ्या मोजतो. मूळ गाय एक, तिच्या वासरांची पिढी २०, नातवंडे १५३, पणतवंडे ५६०, पुढे १,००१, ७९२, २१०, आणि सातव्या पिढीत आठ. बेरीज २,७४५. एकच गोठा दोन वाटांनी मोजून तोच आकडा येतो. टॉम जॉन्सन या अमेरिकन संगीतकाराने १९८९ मध्ये या गाईंवर ‘नारायणाच्या गाई’ नावाची संगीतरचना केली. मोजणी संगीतातून निघाली होती, ती सहाशे वर्षांनी संगीतात परत गेली.

तेव्हा मूळ तक्रारीकडे पुन्हा पाहू. नाव दुसऱ्याचे का झाले? आमचे उत्तर कटू आहे: नाव दिले जात होते तेव्हा आपण आपली वही उघडूनच पाहिलेली नव्हती. ल्युका पॅरिसमध्ये लिहीत होता त्या वर्षांत ‘वृत्तजातिसमुच्चय’ हस्तलिखितांच्या गाठोड्यात होता. त्याने पाहावयाचे ठरविले असते तरी त्याला ते दिसते ना. आणि छापल्यावर तरी काय झाले? ‘संगीतरत्नाकर’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये, मंगेश रामकृष्ण तेलंगांच्या संपादकत्वाखाली, कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. म्हणजे शार्ङ्गदेवाची मालिका आणि त्याचे मेरू शतकाहून अधिक काळ पुण्यात छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. तालाध्यायातील ती पाने गाणाऱ्याला गणित म्हणून नकोशी झाली असावीत, आणि गणित करणाऱ्याला तो ग्रंथ गाण्याचा म्हणून उघडावासाच वाटला नसावा.

विरहांक आणि हेमचंद्र यांना जगापुढे आणण्याचे बरेचसे श्रेय मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या हरि दामोदर वेलणकरांकडे जाते. जैन भांडारांतील हस्तलिखितांची त्यांची ओळख किती खोल होती याची साक्ष भांडारकर संस्थेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘जिनरत्नकोश’ देतो. छंदःशास्त्राचे ग्रंथ त्यांनी एकामागून एक शुद्ध करून छापले: १९४९ मध्ये ‘जयदामन्’, १९६१ मध्ये हेमचंद्रांचे ‘छंदोनुशासन’, आणि १९६२ मध्ये जोधपूरहून गोपाळाच्या टीकेसह ‘वृत्तजातिसमुच्चय’. प्राकृत पाठ लावणे, अपभ्रष्ट ओळीतली निसटलेली मात्रा ओळखणे, हे काम टाळ्यांचे नव्हे. या छापील आवृत्त्या हाती असल्यामुळेच परमानंद सिंह यांना १९८५ मध्ये गणिताच्या इतिहासाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात विरहांक, गोपाळ, हेमचंद्र आणि नारायण यांची वचने ओळीने मांडून दाखविता आली, आणि त्यानंतर जगातल्या गणितग्रंथांत ही नावे येऊ लागली.

वेलणकरांनी पाठ शुद्ध करताना एक ताळा वापरला असणारच, कारण या शास्त्रात दुसरा ताळा नाही. प्राकृत ओळ घ्यावयाची, एकेक अक्षराची मात्रा लावीत जावयाचे, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याशी जुळली नाही तर लेखनिकाने कोठे चूक केली ते शोधावयाचे. विरहांक तेच करीत होता.